स्टेशनमास्तरांचा धक्का

२०१७ साल. मी पासष्ट वर्षांचा होतो, आणि तोवर माझ्याकडे कुणी तीन इंचांचा दरवाजा करून मागितला नव्हता.

मी सुतार. कराडकडच्या एका गावात चौथीपर्यंत शिकलो, मग वडिलांच्या हाताखाली रंधा धरला. पुढं दिल्लीत कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या जुन्या अतिथिगृहात सुतार म्हणून लागलो तो रिटायर होईपर्यंत तिथंच. मंत्र्यांच्या खोल्यांची दारं मी बसवलेली आहेत. एकही दार कधी कुरकुरलं नाही. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढं जे येणार आहे त्यात मी जरा कमी पडलेला दिसेन, आणि वाचणाऱ्याचा गैरसमज नको.

रिटायर झाल्यावर मी मुलाच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायला आलो, सरोजिनी नगरला. एका रविवारी सकाळी वरच्या मजल्यावरचे गृहस्थ खाली आले. हातात सुरळी केलेला कागद.

"मिस्त्री, एक दरवाजा पाहिजे."

"केवढा?"

त्यांनी अंगठा आणि बोट ताणून दाखवलं. "तीन इंच. आतून, बाहेरून, दोन्हीकडून उघडता आला पाहिजे. पण बंद असताना आतून हत्ती रेलला तरी हलता कामा नये."

"हत्ती केवढा?" मी विचारलं.

ते हसले नाहीत. "दरवाज्याच्या प्रमाणात," म्हणाले.

तेव्हाच मला कळलं की हा माणूस एकतर वेडा आहे नाहीतर माझ्यासारखा आहे.

ब्लॉकमध्ये त्यांना सगळे स्टेशनमास्तर म्हणायचे. रेल्वेशी त्यांचा काही संबंध नव्हता. ते केंद्र सरकारच्या एका कचेरीत ड्राफ्ट्समन होते. आयुष्यभर त्यांनी सरकारी इमारतींचे जिने आणि संडास काढले. याची त्यांना लाज नव्हती, उलट ताठा होता. "इमारत कुणीही काढतो, मिस्त्री. जिना आणि संडास ज्याला जमला तो खरा ड्राफ्ट्समन." आणि क्वार्टरच्या मागच्या खोलीत, जिथं बाकीच्यांच्या घरी पाहुण्यांची गादी असते, तिथं त्यांचं स्टेशन होतं. अंतराळातलं. आठ फूट लांब. प्लायवूड, पाण्याच्या पाइपचे तुकडे, मिठाईचे डबे, आणि मधोमध गोल फिरणारी सायकलची रिम. कुठल्या सिनेमातलं नाही, कुठल्या देशाचं नाही. त्यांचं स्वतःचं. त्यात दोनशे दहा माणसं राहतात असा त्यांचा हिशेब होता, आणि त्या दोनशे दहा माणसांची त्यांना खरोखर काळजी वाटायची.

दरवाजा आतल्या बाजूलाच उघडला पाहिजे, हे त्यांनी मला कुकरवरून शिकवलं. वहिनींकडे, म्हणजे मास्तरांच्या बायकोकडे, आतल्या झाकणाचा कुकर होता. मास्तरांनी तो मांडीवर घेतला.

"झाकण आतून बसतं ना? वाफच त्याला दाबून धरते. वाफ आहे तोवर कुणाचा बाप आला तरी निघत नाही. तसं जहाजात हवा आत, बाहेर काहीच नाही. म्हणजे जहाज हा एक कुकर."

"आणि शिट्टी?" वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

आठ दिवसांनी स्टेशनला शिट्टी आली. जास्तीची हवा सोडायची झडप. तिच्याखाली त्यांनी छोट्या पट्टीवर वळणदार अक्षरात लिहिलं, 'शिट्टी'.

सगळ्या पाट्या मराठीत. मोरी, आजारीखोली, जिना, शिट्टी. माझा मुलगा म्हणाला, काका, इंग्रजीत लिहा, जरा प्रोफेशनल दिसेल. मास्तर म्हणाले, "आग लागली की माणूस आईच्या भाषेत ओरडतो. पाटी त्याच भाषेत पाहिजे, म्हणजे शोधायला वेळ जात नाही." मुलाला पटलं नाही. मला लगेच पटलं. मला इंग्रजी येत नाही हे त्याचं कारण नाही.

टीव्हीवर अंतराळाचा सिनेमा लागला की ते मला वर बोलवायचे. दोघं शेजारी बसायचो आणि ते पहिल्या दहा मिनिटांतच उठून उभे राहायचे.

"मोरी कुठंय?"

"असेल मागं," मी म्हणायचो.

"मागं इंजिन आहे. पाचशे माणसं आहेत जहाजात, मिस्त्री. दोन तास झाले. कुणी उठून कुठं गेलं नाही."

मग एखादा लांबलचक पूल दिसायचा, खाली खोल दरी, आणि पुलाला कठडा नाही. मास्तर कपाळावर हात मारायचे. "आमच्या ऑफिसात असा नकाशा काढला असता तर मेमो मिळाला असता." जहाजाला पंख दिसले की, "पंख कशाला? हवा कुठंय?" मी म्हणायचो, शोभेला. ते म्हणायचे, "शोभा म्हणजे वजन." पण एकदा एका जुनाट सिनेमात एक मळकट जहाज आलं. भिंतीवरून पाइप गेलेले, नळ गळतोय, झाकणांना स्क्रू दिसतायत. मास्तर खाली बसले आणि शेवटपर्यंत हलले नाहीत. "हे ज्यानं काढलं त्यानं कधीतरी हातात पाना धरला असणार," एवढंच म्हणाले. पुढं दोन दिवस त्या जहाजाबद्दल असे बोलत होते जसं कुणी चांगल्या स्थळाबद्दल बोलतं.

त्यांच्या स्टेशनातली वळणं रुंद होती. मी विचारलं, एवढी जागा का फुकट घालवता? त्यांनी मला आमच्याच जिन्यात नेलं. मधल्या वळणावर भिंतीचा रंग खरवडलेला होता. "हा फ्रिजचा. हा दिवाणाचा. आणि हा तिसऱ्या मजल्यावरच्यांच्या वडिलांना खाली आणलं तेव्हाचा. माणूस गेला आणि वळणावर अडकला, यार. चौघं खांदेकरी, आणि कुणाला मागं सरकता येईना." मग म्हणाले, "हा जिना मी काढलेला नाही. पण ज्यानं काढला त्याच्या वतीनं मला शरम वाटते."

वहिनींशी त्यांचं भांडण दोन गोष्टींवरून. एक, देवघर. वहिनी म्हणाल्या, देव पूर्वेकडे तोंड करून पाहिजेत. मास्तर म्हणाले, तिथं पूर्वच नाही. दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी मास्तरांनी नकाशावर एक खूण केली आणि म्हणाले, "तू जिथं दिवा लावशील ती पूर्व. बाकीच्या दिशा मी तिथून मोजतो." वहिनींनी माझ्याकडं बघून डोळे मिचकावले, पण नंतर पदरानं टिपलेही.

दुसरं भांडण सुक्या बोंबलांचं. मास्तरांनी स्टेशनात बोंबील भाजायला बंदी घातली, कारण हवा सगळ्यांची एकच.

"मग मी येत नाही तुमच्या जहाजात," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही न् तुमचे दोनशे नऊ."

चार दिवस मास्तर ताटाशेजारी नकाशा ठेवून जेवले. पाचव्या दिवशी स्टेशनला बाजूला एक डबा जोडला गेला. स्वतंत्र हवा, स्वतंत्र झडप. पाटी, 'बोंबीलघर'.

एकदा संक्रांतीला दिल्लीतल्या आमच्या मराठी मंडळाच्या बसनं आम्ही पानिपतला गेलो. काला अंबला, म्हणजे लढाई झाली तिथं, धुकं एवढं की स्मारकाच्या जवळ जाईपर्यंत स्मारक दिसत नव्हतं. भाषण झालं, घोषणा झाल्या. मास्तर कडेला उभे. मला म्हणाले, "एवढी माणसं, बायकापोरं, बैल, सगळं घेऊन निघाले. आणि परतायला दरवाजा एकच." मी म्हटलं, अहो, तो इतिहास आहे. "बिल्कुल," ते म्हणाले, "म्हणून तर माझ्या स्टेशनला दोन आहेत."

हे दोन दरवाजे हाच आमच्या भांडणाचा विषय. खरं तर दरवाजे नव्हे, दरवाज्यांभोवतीचं कडं. जहाज येऊन स्टेशनला जोडलं जातं ती जागा. इंग्रजीत त्याला डॉकिंग म्हणतात हे मला त्यांनीच सांगितलं, पण ते स्वतः त्याला धक्का म्हणायचे. लहानपणी त्यांच्या खाडीवर लाँच यायची. "धक्क्यावर जुने टायर टांगलेले असायचे, मिस्त्री. लाँचवाला इंजिन बंद करायचा आणि नुसती वाहत येऊ द्यायचा. दोर फेकायचा. टायरला लाँच अशी टेकायची की आत बसलेल्या म्हातारीच्या मांडीवरची टोपली हलायची नाही. मी शाळा बुडवून ते बघायचो." म्हणून त्यांच्या कड्याभोवती नळाचे काळे रबरी वायसर बसवलेले होते, टायर म्हणून. आणि पाटी, 'धक्का'.

आता जोड म्हटला की माझं क्षेत्र. नळाचा असो, पलंगाचा असो, जोडाला एक नर लागतो आणि एक मादी. एकात खुंटी, दुसऱ्यात भोक. हे मला वडिलांनी शिकवलं आणि त्यांना त्यांच्या वडिलांनी. मास्तरांना ते मान्य नव्हतं. त्यांना स्टेशनचं आणि येणाऱ्या जहाजाचं, दोन्ही कडी हुबेहूब सारखी पाहिजे होती.

"समजा दोन जहाजं आहेत," ते म्हणायचे. "एकाला आग लागली. दुसरं मदतीला आलं. आणि दोन्ही नर निघाले. मग काय करायचं, बघत बसायचं?"

"मग एकानं मादी घेऊन यायचं."

"कुठून? बाजारातून?"

मग ते दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवून माझ्या नाकासमोर धरायचे. "सांगा. यातला नर कुठला?"

मला उत्तर सुचायचं नाही. पण उत्तर सुचलं नाही म्हणजे समोरचा बरोबर, असं मी कधी मानलेलं नाही. दोन वर्षं हा वाद चालला. जिन्यात, भाजी घेताना, मेट्रोत. पिंक लाइनच्या स्टेशनवर गाडी आली आणि गाडीचं दार फलाटाच्या दारासमोर बरोबर थांबलं की ते मला कोपरानं ढोसायचे. "बघा. कुणी कुणात घुसलं का? समोरासमोर उभे राहिले, झालं." मागची माणसं "चलो अंकल, चलो" म्हणून ढकलत असायची, आणि आम्ही दोघं दारात भांडत उभे.

मार्च २०१९ मध्ये मास्तर रिटायर झाले. आता क्वार्टर सोडायचं होतं. त्यांचा मुलगा गुडगावला, चौदाव्या मजल्यावर. तो येऊन टेपनं मोजून गेला आणि म्हणाला, "बाबा, तुमच्या दोघांसाठी खोली आहे. स्टेशनसाठी नाही." भांडला नाही, नुसतं सांगितलं. खरंच जागा नव्हती. वहिनींनी भंगारवाल्याला मेच्या तीन तारखेला बोलावून ठेवलं. बोलावलं आणि मग आमच्याकडे येऊन सुनेजवळ बसून राहिल्या.

मंडळाचा हॉल पहिल्या मजल्यावर आहे. त्याच्या एका टोकाला वाचनालय, आणि वाचनालयाचा एक कोपरा असा की तिथं जुन्या पेपरांचे गठ्ठे सोडून दुसरं काही नाही. मी आणि मास्तर मंडळाच्या सेक्रेटरींना भेटलो. ते अंडर सेक्रेटरी म्हणून रिटायर झालेले. होही म्हणायचे नाहीत, नाहीही म्हणायचे नाहीत.

"असं करू," ते म्हणाले. "एक मेच्या कार्यक्रमात मांडा. लोकांना आवडलं तर कोपऱ्याचा विचार करू. नाही आवडलं तर संध्याकाळी सातच्या आत उचला. दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये साखरपुडा आहे."

म्हणजे कोपरा नाहीतर भंगारवाला. तिसरं काही नव्हतं.

कडी करायचं काम माझ्याकडं. सागवानातून दोन, एक स्टेशनला, एक त्याला येऊन लागणाऱ्या छोट्या जहाजाला. प्रत्येकाला चार पाकळ्या, चार खाचा, आणि आत पितळी खटके. जहाज लाकडी रुळावरून हळू पुढं आणायचं, दोन बोटांनी. याच्या पाकळ्या त्याच्या खाचांत जातात, खटके पडतात, टक्. दोरी ओढली की खटके उठतात आणि जहाज मोकळं. काम मी जीव लावून केलं. आणि सगळं झाल्यावर, कार्यक्रमाला दोन आठवडे असताना, मी एक गोष्ट केली.

मी जहाजाच्या कड्यात एका पाकळीच्या मुळाशी शिसवाची एक बारीक खुंटी बसवली. स्टेशनच्या कड्यात तिच्यासमोर भोक पाडलं. वरून पॉलिश मारलं. दिसायचं काम नाही. माझं म्हणणं असं होतं की भर सभेत जोड ढिला पडला तर नाव सुताराचं जाणार, ड्राफ्ट्समनचं नाही. आणि दुसरं म्हणणं, जे मी तेव्हा स्वतःलाही नीट सांगितलं नाही, ते असं की बघू या कोण बरोबर आहे.

मास्तरांनी घरी जोडून बघितलं. टक्. जहाज धरून हलवलं. तसूभर हललं नाही.

"बघा, मिस्त्री! कसं बसलंय! आणि नर नाही, मादी नाही!"

"हं," मी म्हटलं.

एक मेला आम्ही टेम्पोतून स्टेशन नेलं. मंडळाच्या जिन्याचं वळण मास्तरांनी आधीच तीनदा जाऊन मोजलेलं. "आठ फूट चार इंच जातं. त्यापुढं नाही." स्टेशन आठ फूट. जहाज तीन फूट, ते वेगळं आणलं. मंडळाच्या दोन टेबलांवर मांडलं. मास्तरांनी इस्त्रीचा सदरा घातलेला, खिशात दोरी ओढायला म्हणून वेगळा रुमाल.

हॉल भरला. सरकारी कुटुंबं, आणि युपीएससी करणारी बरीच पोरं, ती श्रीखंड-पुरीला येतात. त्यातल्या एकानं मास्तरांना विचारलं, "सर, हे करंट अफेअर्समध्ये धरायचं का?" मास्तर म्हणाले, "नाही, हे अजून व्हायचंय." पोरगा वहीत लिहिणार होता, थांबला.

भाषणं लांबली. मास्तरांची पाळी यायच्या आधी सेक्रेटरींची मुलगी टेबलाजवळ आली. तीसेक वर्षांची, कुठल्याशा मोठ्या कंपनीत आहे, दिल्लीतच जन्मलेली. मुलगी गुणी. घरात मराठी बोलते, पण धक्क्याला लागलेली लाँच तिनं कुठं बघितली असणार? ती एकेक पाटी मोठ्यानं वाचत आली. "मोरी... आजारीखोली... बोंबीलघर, हाऊ क्यूट..." मग जहाजाच्या मागं येऊन थांबली. जहाज रुळावर तयार. समोर पाटी.

"धक्का," तिनं वाचलं. "अच्छा! इथं धक्का द्यायचाय!"

आणि दोन्ही तळव्यांनी दिला.

हॉलमध्ये असा आवाज झाला की माइकवरचे पाहुणे थांबले. वायसर उडून पहिल्या रांगेत पडले. मास्तर धावले. स्टेशन थरथरलं, पण शाबूत होतं. जहाज त्याला जाऊन चिकटलं होतं. मास्तरांनी दोरी ओढली. खटके उठलेले ऐकू आले. जहाज हललं नाही. पुन्हा ओढली. पुन्हा नाही. मग त्यांनी दोन्ही हातांनी जहाज धरून ओढलं. आख्खं स्टेशन टेबलावरून सरकलं, पण जोड सुटला नाही.

मी कोपऱ्यात उभा होतो. मला काय झालंय ते आवाजावरूनच कळलं होतं. हळू आणलं असतं तर खुंटी गुपचूप गेली असती आणि गुपचूप आली असती. आता ती पाचरीसारखी ठोकली गेली होती.

मुलगी रडकुंडीला आली. "सॉरी काका, मला वाटलं... तुम्हीच लिहिलंय ना..."

"मीच लिहिलंय," मास्तर म्हणाले. "तुझी चूक नाही. जहाज जोरात आलं तरी कड्यानं सहन करायला पाहिजे. सगळेच लाँचवाले चांगले नसतात."

सेक्रेटरींनी घड्याळ बघितलं, मग दोन्ही मिळून लांबी बघितली. अकरा फूट. जिन्याचं वळण सगळ्यांना माहीत. "आता हे उतरवणार कसं? उद्या साखरपुडा आहे, साहेब."

मास्तरांनी कड्याच्या फटीवरून बोट फिरवलं. मग माझ्याकडं आले आणि हात पुढं केला.

"करवत द्या, मिस्त्री."

"कशाला?"

"कड्यातून कापू. जोडलं आणि सुटत नाही, तर तो धक्का नव्हे, फास आहे. माझंच चुकलं." आणि मग सगळ्यांसमोर, नीट ऐकू जाईल असं, "तुमचंच खरं होतं. नर-मादीशिवाय जोड नाही."

दोन वर्षं मी हे वाक्य ऐकायला थांबलो होतो. कसं ऐकेन, ऐकल्यावर चेहरा कसा ठेवेन, हेसुद्धा मी ठरवून ठेवलेलं. वहिनी खुर्चीत बसल्या होत्या आणि त्यांनी मान खाली घातली होती. करवत माझ्या पिशवीत होती. नुसती काढून द्यायची होती.

"करवत नाही देत," मी म्हणालो.

"का?"

"कडं बरोबर आहे. आत खुंटी आहे. मी घातलीय."

समोर साठ-सत्तर माणसं, सगळी ओळखीची. चौथी पास झाल्याची मला कधी लाज वाटली नाही, पण त्या क्षणी जमीन फाटली असती तर मी हरकत घेतली नसती.

मास्तर माझ्याकडं बघत होते. मला वाटलं आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"कुठल्या पाकळीत?" त्यांनी विचारलं.

"खालच्या. मुळाशी."

"जाडी?"

"दोन सूत."

"लाकूड?"

"शिसव."

"हं. म्हणून तुटली नाही," ते म्हणाले, आणि स्वतःशीच मान हलवली. मग टेबलाकडं वळून दोन्ही हातांनी स्टेशन घट्ट धरलं. "चला. मी धरतो, तुम्ही कापा."

लोखंड कापायचं पातळ ब्लेड मी दोन कड्यांच्या फटीत घातलं. फट एवढीशी की श्वास घ्यायची भीती. खालची पाकळी सांभाळायची, पितळी खटका सांभाळायचा, मध्ये फक्त खुंटी. दहा मिनिटं लागली. हॉलमध्ये कुणी जेवायला उठलं नाही. शिसवाचा काळा भुसा टेबलावर पडला, आणि मास्तरांनी दोरी ओढली, आणि जहाज आपसूक मागं सरकलं. कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच.

मी पटाशीनं उरलेला खुंटीचा बुडखा साफ केला. मास्तरांनी जहाज पुढं आणलं, दोन बोटांनी. टक्. सोडलं. मग त्यांनी जहाज उलटं केलं, पोट वर, आणि पुन्हा आणलं. टक्. कुशीवर केलं. टक्. माझी खुंटी असताना हे झालंच नसतं, ते एकाच बाजूनं बसलं असतं. मी ते बघितलं.

"काका, मी पुन्हा एकदा करू?" सेक्रेटरींच्या मुलीनं विचारलं. मास्तरांनी तिचा हात धरून दाखवलं. इंजिन बंद, आता नुसतं वाहत येऊ दे, आता दोर. टक्. तिच्या मागं एक बाई उभी राहिली. तिच्या मागं ते युपीएससीचे चार जण. मग रांगच लागली. मंडळात जेवणाच्या टेबलाशिवाय कुठं रांग लागलेली मी कधी बघितली नव्हती. श्रीखंड गरम झालं. त्या मुलीनं बॉलपेन काढलं आणि 'धक्का'च्या खाली कंसात लिहिलं, 'हळू'. मास्तरांनी अक्षर तपासलं आणि राहू दिलं.

साडेपाचला सेक्रेटरी आले. मुलीनं त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. "ठीक आहे, ठीक आहे," ते म्हणाले. "आज कोपऱ्यात सरकवून ठेवा. तसा विषय कमिटीपुढं ठेवावा लागेल. बघू काय ठरतं ते." वहिनींचा चेहरा उजळला आणि लगेच अर्धा विझला. कमिटी म्हणजे काय ते सरकारी घरातल्या बाईला सांगायला लागत नाही.

परत येताना रिक्षात आम्ही तिघं. एम्सच्या फ्लायओव्हरवर मास्तर माझ्याकडं वळले. मग म्हणाले, "मिस्त्री, खुंटी मुळाशी का? टोकाला का नाही?"

"टोकाला दिसली असती."

"अच्छा. जागा बरोबर निवडली." जरा वेळानं, बाहेर बघत, "पण सांगायचं होतं."

"हो," मी म्हटलं. एवढं छोटं उत्तर मी आयुष्यात कुणाला दिलेलं नाही.

वहिनी मध्ये बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊ, उद्या जेवायला या दोघं. म्हणजे तुम्ही आणि सूनबाई. बोंबील करते." माझ्या अंगावर ऊन येत होतं, मास्तरांनी आपल्या बाजूचा पडदा खाली ओढून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा न घेता निघालो. पहिल्या मेट्रोनं हॉलवर गेलो. चौकीदार ओळखीचा, त्यानं कुलूप काढलं. पेपरांचे गठ्ठे मी गॅलरीत नेऊन ठेवले, कोपरा झाडून पुसला, आणि बरोबर आणलेल्या सागवानी पट्ट्यांचा घोडा उभा केला, पाय चार, आडवे दांडे दोन. चौकीदाराच्या मदतीनं स्टेशन त्यावर चढवलं आणि खालून दांड्यांना पक्कं केलं. मग ड्रिल मशीन लावलं, प्रत्येक पायाला तीन असे बारा स्क्रू फरशीत आवळले, आणि सेक्रेटरी साहेब उठून दात घासायच्या आत स्टेशन मंडळाच्या जमिनीला बांधून टाकलं.